देवळाईच्या माळावरचा अमरकंद

रत्नमाला शिंगाडे आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर काही नाही. मी मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या आणि दोघींच्याही डब्यात बहुतेक वेळा शेपूच निघायचा, एवढ्यावर आमची मैत्री जमली.

ती मूळची देवळाईच्या पलीकडच्या एका वाडीतली. वडील कारभारी शिंगाडे मेंढरं राखायचे. डोंगराच्या पायथ्याला त्यांचा मुरमाड माळ होता. त्यात बाजरीसुद्धा धड यायची नाही, म्हणून तो मेंढरांनाच सोडलेला. घरातली पहिली शिकलेली मुलगी ही. लग्नानंतर गारखेड्यात भाड्यानं राहायची. नवरा आदिनाथ पैठणकडच्या एका शाळेत मास्तर होता, रोज एसटीनं जाऊन येऊन करायचा. हिचा दिवस कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यामध्ये स्कूटीवर जायचा, आणि रविवार माळावर.

कारण ती पीएच.डी. करत होती, मराठवाड्यातल्या आमरींवर. आमरी म्हणजे ऑर्किड. ऑर्किड म्हटलं की आपल्याला हॉटेलात टेबलावर ठेवलेलं जांभळं फूल आठवतं. आपल्याकडची आमरी तशी नसते. वर्षातले सहा-सात महिने ती जमिनीत कंद होऊन पडून राहते. वळवाचा एखादा सडाका पडला की आधी फुलांचा दांडा वर येतो, पानं मागून येतात, आणि दिवाळीपर्यंत सगळं वाळून जातं. एरवी त्या जागेवरून चाललं तरी पायाखाली काय आहे ते कळत नाही.

२०११ च्या भाद्रपदात तिला माळाच्या वरच्या कोपऱ्यात, सीताफळीच्या जाळीखाली, अशी काही झाडं दिसली. खजुराच्या रोपासारखी घड्या पडलेली पानं. फुलं होऊन गेलेली, दांड्याला सुकलेली बोंडं लोंबत होती. अमरकंद म्हणून जी आमरी आपल्याकडे माहीत आहे, तिच्याच कुळातली दिसत होती. कारभारी तिथंच काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

"आबा, याला काय म्हणतात आपल्यात?" तिनं विचारलं.

"काय नाय म्हणत."

"काहीतरी नाव असंल ना."

"मेंढरं तोंड लावत नाय त्याला. मंग नाव कशाला पायजे?"

वाडीतल्या आवडाबाई मुळ्या-पाल्याची औषधं द्यायच्या. त्यांनाही तिनं पान नेऊन दाखवलं. त्यांनी चुरगाळून वास घेतला आणि म्हणाल्या, "कांद्यावाणी हाय, पर कांदा नाय." तिथंच ते संपलं.

तिनं दोन पानांचे तुकडे घेतले, ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुडीत टाकले आणि इतर नमुन्यांबरोबर डीएनए तपासायला बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. हे काम काय असतं ते तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. प्रत्येक झाडाच्या जनुकांमधले काही ठरलेले तुकडे वाचायचे आणि जगभरातल्या नोंदलेल्या झाडांच्या त्याच तुकड्यांशी ताडून बघायचे. जुळले तर ते झाड त्या जातीचं. पूर्वी सगळं दिसण्यावरून ठरायचं: पाकळी केवढी, ओठासारखी मधली पाकळी कशी, त्यावर कंगोरे किती. आता दोन्ही लागतं. आतलं आणि बाहेरचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला निकाल आले. बाकीचे सगळे नमुने कुठं ना कुठं जुळले. माळावरचा जुळला नाही. जवळची एक जात होती, पण दोघींमध्ये फरक इतका होता की एका जातीतल्या दोन झाडांत तेवढा असत नाही. तिचे मार्गदर्शक मुळे सर निवृत्तीला आलेले, अतिशय सावध माणूस. त्यांनी तो कागद तीनदा वाचला म्हणे. मग म्हणाले, "ही नवी जात असू शकते. पण नुसत्या पानावर नाव देता येत नाही. फूल लागेल. फूल आण, मग बोलू."

त्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं हिला कायमची नेमणूक मिळाली. तिनं सांगितल्यावर मी विचारलं, "फूल कधी येतं?"

"जूनमध्ये. दोन-अडीच महिनेच राहिलेत."

ते साल २०१२ होतं. आमच्याकडच्या माणसाला त्या सालाबद्दल जास्त सांगावं लागत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. जायकवाडीत नुसता गाळ उरला, गावोगाव टँकर सुरू झाले. रत्नमाला जूनभर माळावर जात होती. सीताफळीच्या जाळीखाली जमिनीला भेगा होत्या, दुसरं काही नव्हतं. कंद वर आलाच नाही. कारभारी मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात कन्नडच्या बाजूला गेले ते थेट थंडीतच परतले, आणि परतले तेव्हा कळप निम्मा होता.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. मीही तिच्याबरोबर एकदा माळावर गेले. कुसळी गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, आणि जाळीखाली घडीची पानं वर आलेली. ती गवतात मांडी घालून बसली आणि एकेका पानाला हात लावत राहिली. पण दांडा एकालाही नव्हता. मुळे सरांनी सांगितलं की कोरड्या वर्षात कंदाची शिदोरी संपलेली असते, तो पहिल्या वर्षी नुसती पानं काढतो आणि पोट भरून घेतो. फूल त्याच्या पुढच्या साली. तिनं पानांची लांबी-रुंदी मोजली, शिरा मोजल्या. सगळी मापं त्या जवळच्या जातीच्या मापांत बसत होती. पानावरून काही सिद्ध होत नव्हतं.

"पुढच्या साली," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

पुढच्या सालीही पाऊस आला नाही.

त्याच दिवसांत शहर त्या बाजूला सरकत होतं. बीड बायपासच्या पलीकडे पूर्वी रात्री कोल्हे ओरडायचे, तिथं चार-चार मजल्यांच्या इमारती उठल्या. देवळाई, सातारा ही गावं महापालिकेत जाणार अशी बोलणी सुरू झाली. वाडीतल्या माळांचे एकेक प्लॉट पडू लागले. रत्नमालाचा धाकटा भाऊ रामहरी वाळूजच्या एका कंपनीत होता. त्याची पाळी फिरती, मुलं शाळेच्या वयाची, आणि वाडीत प्यायचं पाणी टँकरचं. एक दिवस तो गारखेड्यात बहिणीकडे आला. मी तेव्हा तिथंच होते, पेपर तपासायला आम्ही एकत्र बसलो होतो.

"आक्का, माळाला गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "सात-बारावर तुझं बी नाव हाय. तुझी सही लागंल. हक्कसोड करून दे."

तिनं हातातला पेपर गठ्ठ्यावर ठेवला.

"तुझा हिस्सा बुडवायचा म्हणून नाय मागत. तुला काय पायजे ते घे त्यातनं."

"मला पैसे नको, रामा. मला तो वरचा कोपरा पाहिजे. सीताफळीचा."

"कोपरा कसा ठिवणार? ते सगळा माळ घ्यायला निघालेत."

"दोन वर्षं थांबा मग. एक पाऊस होऊ द्या."

रामहरीनं माझ्याकडे बघितलं, जणू मी काही मध्यस्थी करीन. मग हळू आवाजात म्हणाला, "आबाला इचार. मेंढरांना काय पाजतो ते इचार त्याला."

तिनं विचारलं. पुढच्या रविवारी ती वाडीला गेली आणि बापाजवळ बसली. ते बोलणं तिनं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "आबा, तुम्ही नको म्हणा, रामा ऐकंल तुमचं." कारभारींनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "माय, मी नको म्हणंन. पर मंग उद्या सकाळी काय करायचं ते तू सांग. हिरीत पाणी नाय. चारा नाय. तुझ्या आईला डोक्यावरनं हांडा उचलत नाय आता. तू सांग, तसं करू."

तासिकांच्या पैशात ती मेंढरं पोसू शकत नव्हती, विहिरीत पाणी आणू शकत नव्हती. वनखात्याकडे ती जाऊन आली होती. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "झाडाचं नाव काय?" नाव नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ज्या जातीची नोंदच नाही तिला संरक्षण कोणत्या यादीखाली देऊ? आणि जमीन तर तुमच्याच घरची आहे." तेही खरंच होतं.

तिनं सही केली. एक गोष्ट मात्र तिनं पदरात पाडून घेतली. नकाशात मोकळी जागा म्हणून जो तुकडा सोडावाच लागतो, तो वरच्या कोपऱ्यात धरायचा आणि त्याला हात लावायचा नाही. प्लॉट पाडणारा माणूस भला होता. म्हणाला, "ताई, कुठंतरी सोडायचाच आहे, तिथं सोडू." त्यानं खरंच नकाशा तसा करून घेतला. रत्नमालानं त्या कोपऱ्याभोवती दगड मांडले, दगडांना चुना लावला. आम्हा सगळ्यांना वाटलं, निभावलं.

२०१५ च्या मे महिन्यात माळावर रस्त्यांचं काम निघालं. रस्त्याला मुरूम लागतो. जेसीबीवाला परगावचा होता, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मोकळ्या जागेत घर बांधायचं नाही, म्हणजे तिथला मुरूम काढायला हरकत नाही, असा त्यानं साधा हिशेब केला. दुपारी कारभारींनी लांबून धूळ बघितली. ते पोचेपर्यंत सीताफळीची जाळी मुळासकट उलथली होती आणि तिथं कमरेएवढा खड्डा होता. मुरूम तिन्ही रस्त्यांवर पसरून झाला होता.

फोन आला तेव्हा ती सुपरव्हिजनवर होती. परीक्षा संपेपर्यंत तिला हॉल सोडता आला नाही. आम्ही दोघी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कारभारी रस्त्यावर उकिडवे बसून मुरूम चाळत होते. नुसत्या बोटांनी. जेसीबीवाला बाजूला उभा होता, घाबरलेला. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला कुणी सांगितलंच नाही हो." रत्नमाला त्याला म्हणाली, "तुमची चूक नाही. तुम्ही जा." मग तीही बापाशेजारी बसली. मीही बसले.

कारभारी मधूनच एखादी गोष्ट उचलून विचारायचे, "ह्यो का?" ती बघायची. "नाही आबा, दगड आहे." पुन्हा, "ह्यो?" "हे सीताफळीचं मूळ." असं अंधार पडेपर्यंत चाललं. जे कंद सापडले ते बहुतेक फुटलेले होते, बटाटा ठेचावा तसे. धड म्हणावेत असे मूठभर मिळाले. तिनं ते ओढणीत बांधले आणि तिथलाच मुरूम दोन गोण्यांत भरून घेतला. कारण आमरीचा कंद एकटा जगत नाही, त्याला त्याच मातीतली बुरशी लागते. दुसऱ्या मातीत तो कुजतो.

कॉलेजच्या मागं हिरवी जाळी लावलेली शेड होती, तिथं तिनं कुंड्या ठेवल्या. त्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. प्राचार्यांनी बागेला पाणी घालणं बंद केलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मुलांना प्यायला पाणी पुरत नव्हतं. ती घरून बाटलीत पाणी आणायची. तरीही एकेका कुंडीतला कंद मऊ पडत गेला. मऊ पडला की ती तो काढून वर्तमानपत्रावर ठेवायची, कापून बघायची आणि हात धुवायची. थंडी संपली तेव्हा एक कुंडी उरली होती.

२०१६ च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. एका सकाळी तिचा फोन आला. "ये लवकर," एवढंच म्हणाली.

कुंडीतून वीतभर दांडा वर आला होता आणि त्यावर दोन फुलं उमलली होती. पिवळट हिरव्या पाकळ्या, मधला ओठ फिका, त्यावर जांभळ्या शिरा. पाच वर्षं ज्याबद्दल ऐकत होते ते बघताना मला भरून आलं. मी तिच्याकडे वळले तर ती भिंग डोळ्याला लावून वाकलेली, आणि तिचे खांदे अगदी स्थिर होते. खूप वेळानं तिनं भिंग खाली ठेवलं.

"काय झालं?"

"तेच आहे," ती म्हणाली. "ओठ तोच, कंगोरे तितकेच, मागची नळी तशीच. त्या दुसऱ्या जातीपेक्षा काहीच वेगळं नाही."

मुळे सर तोवर निवृत्त झाले होते. रिक्षा करून आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक फूल सोडवून बघितलं, मापं घेतली, पुन्हा घेतली. मग चष्मा काढून पुसत बसले. "दिसायला तेच," ते म्हणाले, "आतून मात्र वेगळं. असं असतं कधीकधी. पण असं असलं की सिद्ध करणं फार कठीण."

बंगळुरूला पाठवलेला पहिला नमुनाच चुकीचा असेल का, ही शंका होती. म्हणून याच झाडाच्या पानाचा तुकडा पुन्हा पाठवायचं ठरलं. आणि नाव द्यायचं असेल तर ज्यावरून नाव दिलं तो नमुना वाळवून जतन करावा लागतो. म्हणजे दांडा कापायचा. झाड एकच होतं. सर म्हणाले, "तू ठरव." तिनं कात्री माझ्या हातात दिली, लगेच परत घेतली आणि स्वतःच कापला. उरलेलं फूल टीपकागदात ठेवलं, वर पुस्तकांचं वजन दिलं. मग शेडच्या पायरीवर जाऊन बसली.

दुसरा निकालही पहिल्यासारखाच आला. वेगळं होतं. चूक नव्हती.

तिनं शोधनिबंध लिहिला आणि पाठवला. उत्तर यायला बरेच महिने गेले. दोघा तज्ज्ञांनी वाचला होता, दोघांचीही भाषा सभ्य होती. त्यांचं म्हणणं असं: वेगळेपण केवळ जनुकांत आहे, शरीरात नाही. नमुना एका झाडाचा, तोही कुंडीतला. हा दोन जातींचा संकर असू शकतो, किंवा एखाद्या कुटुंबातला योगायोग. मूळ जागेवरची आणखी झाडं तपासावीत.

"मूळ जागेवरची," मी म्हणाले. "त्यांना कळवलं नाहीस का जागा गेली म्हणून?"

"कळवलंय. निबंधातच लिहिलंय." तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "ते चुकीचं बोलत नाहीत गं. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं."

मला राग आला होता. कोणावर यावा ते कळत नव्हतं, आणि तिला तर तोही येत नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात कुंडीतून काहीच वर आलं नाही. तिनं माती बाजूला केली तेव्हा कंदाचं नुसतं साल हाताला लागलं. नंतरची दोन वर्षं आदिनाथ आणि ती रविवारी स्कूटीवर निघायची. साताऱ्याचा डोंगर, दौलताबादची बाजू, फर्दापूरपर्यंतचे माळ. नेहमीचा अमरकंद पुष्कळ ठिकाणी सापडला. पानं खड्यांच्या पुडीत यायची, तपासणीला जायची, आणि निकाल यायचा: नेहमीचाच. काही ठिकाणी ती वर्षभरानं परत गेली तर तिथं कमान उभी असायची, प्लॉट बुकिंग चालू.

तिला पीएच.डी. मिळाली. प्रबंधात त्या झाडाला पाच पानं आहेत. कुळाचं नाव दिलंय आणि पुढं जातीच्या जागी लिहिलंय, 'अनिश्चित'. तोंडी परीक्षेला कारभारी पटका बांधून आले होते, मागच्या बाकावर बसले होते. तोवर त्यांनी मेंढरं काढून टाकली होती. रामहरीनं त्याच माळावर आपल्यासाठी ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधलं, ते त्याच्याकडे राहत. परीक्षा झाल्यावर चहा पिताना त्यांनी मुलीला विचारलं, "मंग काय ठरलं त्याचं?"

"नाही ठरलं, आबा. दिसायला तेच, पण आतून दुसरं. आणखी एक सापडल्याशिवाय ठरत नाही."

"म्हंजी बेणं येगळं, पर अंगावर काय खूण नाय."

"व्हय."

"मंग आमाला तरी कसं घावायचं ते?" ते म्हणाले. मग बशी खाली ठेवत म्हणाले, "सांगून ठिवतो समद्यांना."

त्यांनी खरंच सांगून ठेवलं. जे अजून मेंढरं घेऊन फिरतात त्या पाहुण्या-रावळ्यांना त्यांनी निरोप धाडले. तेव्हापासून पावसाळ्यात कुणी ना कुणी तिच्या दारात उभं राहतं. कुणी हळदीचं पान आणतं, कुणी मुसळीचं, एकानं तर रानकांदा गड्ड्यासकट आणला. मागच्या श्रावणात मी तिच्याकडे गेले होते तेव्हा सांडू नावाचे एक गृहस्थ आले, कारभारींच्या नात्यातले. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं घडीचं पान होतं. सोयगावच्या वरच्या डोंगरात दिसलं म्हणाले. तिनं त्यांना पाणी दिलं, पानावरून हात फिरवला, तुकडा कापून पुडीत घातला, पुडीवर गाव आणि तारीख लिहिली.

"हेच हाय का ते?" सांडूंनी विचारलं.

"सांगता येत नाही, मामा. तपासायला लागेल."

"कधी कळंल?"

तपासणीचं अनुदान तीन वर्षांपासून मंजूर झालेलं नव्हतं. तिच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाच्या साच्यामागं अशा पुड्यांचा डबा होता, तो मी बघितला होता. त्यातली एकही पुढं गेलेली नव्हती.

"कळलं की आबांकडे निरोप देते," ती म्हणाली, आणि सांडूंना जेवून जायचा आग्रह करू लागली.